पुढचं रान सांगायचं नसतं

सोडून जाण्याची रीत मला कुणी शिकवावी असं काही राहिलेलं नव्हतं. माझं निम्मं आयुष्य त्यातच गेलं. कडेगावच्या उगवतीला, कुसळाशिवाय काही न उगवणाऱ्या माळावर आमचं घर. दिवाळी झाली की घराला कडी घालायची आणि मेंढरं खाली कृष्णाकाठाला काढायची. कधी आष्ट्याच्या शिवारात, कधी वर कऱ्हाडावरून थेट कोरेगावापर्यंत. काठचा शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घ्यायचा. मेंढरं दोन-चार रात्री बसली की लेंडीनं रान सुधारतं. त्याला खत व्हायचं, आम्हाला जोंधळं मिळायचं. मग वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उठवायचा आणि दुसऱ्याच्या रानात जायचं.

पण उठून जायचं म्हणजे उठलं आणि गेलं असं नव्हतं. आदल्या सांजेला मालकाला सांगायचं, उद्या वाट धरतो. त्याच्या घरची भाकरी आली तर नको म्हणायचं नाही. पहाटे मेंढरांभोवतीचं जाळं गुंडाळलं की चुलीचे दगड बांधाला नेऊन ठेवायचे, राख पसरायची, काटकीकुटकी उचलायची. आपण बसलो होतो ती जागा लेंडीशिवाय दुसऱ्या कशानं ओळखू येता कामा नये. आणि सगळ्यात मोठं, पुढचं रान कुणाचं ते ह्या मालकाला सांगायचं नाही. पुढचा मालक बहुतेक ह्याचाच भाऊ, नाहीतर चुलता असतो. बांधावरून बोलणं बंद असतं. त्याचं नाव घेणं म्हणजे ह्याच्या घरात जेवून ह्याच्याच तोंडावर दुसऱ्याच्या कालवणाची चव सांगणं. मालकानं विचारलंच तर म्हणायचं, "बघू, चारा असंल तिकडं." जाणता मालक पुन्हा विचारायचा नाही. माझ्या बापानं हे पाळलं, मी पाळलं, आणि पुढच्या साली कुठल्याच रानानं आम्हाला बांधावरून परत फिरवलं नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं त्यात माझी रीत चुकली असं घरातले म्हणतात. मी तसं म्हणत नाही. जे झालं ते व्हायला नको होतं, एवढं म्हणतो.

मेंढरं गेली. माळावर कालव्याचं पाणी आलं आणि जिथं कुसळं होती तिथं ऊस उभा राहिला. मुलाला आष्ट्याला डेअरीत नोकरी लागली. त्याची आई गेल्यावर मी त्याच्याकडे राहायला आलो. शाळा मी दोन वर्षं पाहिली, तीही खिडकीजवळ बसून बाहेरच्या मेंढरांवर नजर ठेवून. अक्षरं पुढं विसरूनच गेलो होतो. नातीच्या पुस्तकावर बोट ठेवून ती पुन्हा गिरवली, म्हणून हे लिहितो आहे. चुका असतील त्या वाचणाऱ्यानं नीट करून घ्याव्यात. मी करणार नाही.

ही नात लहानपणी आमच्या बिऱ्हाडाच्या घोड्यावर वाढली. घोड्याच्या पाठीवर भांडीकुंडी, घोंगडी, कोंबड्यांचं डालगं, आणि त्या सगळ्यावर ती. चालत्या घोड्यावर झोपायची, पण पडायची नाही. आष्ट्याला यायच्या आधी ते घोडं मी जतकडच्या एका मेंढक्याला दिलं. दावं तेवढं काढून घेतलं. जनावर दुसऱ्याच्या दारात गेलं तरी आमच्याकडे दावं देत नाहीत. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते. ते दावं अजून माझ्या खाटेवरच्या खिळ्याला आहे. घोडं गेलं तेव्हा पोरीनं ते दावं उशाला घेतलं आणि कुणाचंच ऐकेना. मग मुलगा तिला घेऊन उस्तादांकडे गेला.

उस्ताद म्हणजे पलटणीतला माणूस. फौजेत घोड्यावर बसायला शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात, आणि पेन्शनवर आल्यावर गावानंही तेच चालू ठेवलं. आष्ट्याच्या बाहेर, नदीकडं जाणाऱ्या वाटेवर त्यांचं रान. रानाच्या कडेला पत्र्याचा तबेला आणि त्यात मोजकी घोडी. लग्नसराईत पांढरी घोडी नवरदेवांना जायची. एरवी डॉक्टरांची, दुकानदारांची पोरं शिकायला यायची. उस्तादांचा एक गुडघा वाकत नव्हता. उभे राहिले की दारात खांब रोवल्यासारखे दिसायचे.

त्यांनी पोरीला कित्येक दिवस घोड्यावर बसवलंच नाही. हातात खरारा दिला आणि अंग घासायला लावलं. मग खूर उचलून साफ करायला, मग लीद काढायला. मुलगा कुरकुरला, पोरगी घोडा शिकायला पाठवली का झाडलोट करायला. मला मात्र माणूस तिथंच पटला. जनावराची घाण ज्याला काढता येत नाही त्यानं जनावरावर बसू नये, असं आमचंही म्हणणं. मी रोज सांजेला पोरीबरोबर जायला लागलो. तबेल्यापुढं लिंबाखाली दोन दगड होते. एक त्यांचा, एक माझा झाला. ते मला आण्णा म्हणायचे.

आमची जुंपायची ती घोड्यावरूनच.

"आण्णा, तुमी घोड्यावर सगळा संसार लादला. पर बसला कवा?" ते म्हणायचे.

"घोडं वझ्याला असतंय, उस्ताद. मेंढक्याला देवानं पाय दिल्यात."

"म्हंजे तुमची मालगाडी."

"आन तुमचं पेन्शनर. वाजंत्री वाजल्याबिगार पाय उचलत न्हाईत."

असं बोलता बोलता त्यांचं अर्धं ध्यान रिंगणात असायचं. मधेच हाळी द्यायचे, टाच खाली. नजर पुढं. बाकी फार काही सांगायचे नाहीत. पोरगी दुडक्या चालीवर आली, मग चौखूर उधळायला शिकली. "नजर पुढं" हे त्यांचं इतकं अंगात भिनलं की पोरगी घरात पाण्याची घागर आणतानाही खाली बघायची नाही. तिची आई उंबऱ्याशी ओरडायची, ठेच लागंल, तर पोरगी म्हणायची, खाली बघितलं की ठेच लागते.

मग तांबड्या घोडीला शिंगरू झालं. त्या सकाळी पोरगी तिथंच होती. गोणपाटानं तिनंच ते पुसून कोरडं केलं. उस्ताद म्हणाले, हे हिचं. हे आन ही संगंच शिकत्याल. मला वाटलं बोलायचं म्हणून बोलले. पण त्यांनी दुसऱ्या कुठल्या पोराला त्या शिंगराला हात लावू दिला नाही. ते मोठं होत गेलं तसं त्याच्या पाठीवर आधी गोणपाट, मग वाळूची पिशवी, मग पोरीला नुसतं पोटावर आडवं टाकून दोन पावलं, असं हळूहळू चाललं होतं. दुखऱ्या गुडघ्यानं ते त्याच्याबरोबर चालायचे. एकदा मला म्हणाले की आपल्या हातनं तयार होणारं हे शेवटचं जनावर, ह्याच्यानंतर गुडघा ऐकायचा नाही. दसऱ्याला घोड्यांची पूजा झाली की पोरीला त्यावर नीट बसवायची, असं त्यांच्या मनात होतं.

आणि त्या दसऱ्याच्या आधी, उन्हाळ्यात, साताऱ्यात घोडेस्वारीचा एक खेळ झाला. पोरगी उस्तादांच्या म्हाताऱ्या घोड्यावर बसून त्यात उतरली होती. तिथं एका बाईंनी तिला पाहिलं. सातारा-कोरेगाव रस्त्याला त्यांचा मोठा तबेला आहे. वाळूचं रिंगण, आडव्या बांबूंवरून उड्या मारणारी उंच घोडी, सगळं. त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं की पोरीच्या अंगात आहे, पण आता तिला उडी शिकायची तर तसं घोडं आणि तसं रिंगण पाहिजे. खरंच होतं ते. उस्तादांची घोडी उड्या मारणारी नव्हती. कोरेगावला माझी लेक दिली आहे. पोरीनं आत्याकडं राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं आणि रोज तबेल्यात जायचं, असं ठरायला वेळ लागला नाही. पोरीनं साताऱ्यात घोडं बांबूवरून जाताना पाहिलं होतं. तेव्हापासून ती जेवतानाही हाताच्या बोटांनी ताटाच्या काठावरून उड्या मारायची.

राहिलं काय, तर उस्तादांना सांगायचं.

मुलानं खिशातून फोन काढला. हात जोडलेले, खाली फुलं, असलं काहीतरी पाठवून देतो म्हणाला. मी त्याला म्हटलं, बैलसुद्धा दुसऱ्या दावणीला नेताना माणूस दारात येऊन नेतो. सून म्हणाली, सगळे मिळून जाऊ, उस्तादांच्या बायकोला खण-नारळ देऊ, पेढे देऊ. पेढे कशाचे, म्हटलं, तुम्हाला सोडलं ह्याचे? तेव्हा पोरगी बोलली.

"आबा, मीच सांगते. उस्ताद म्हणतात, काय असेल ते समोर उभं राहून सांगायचं. बाईंच्या तबेल्यात चाललेय म्हणून सांगते आणि पाया पडते."

मी म्हणालो, "लेकरानं गुरूच्या तोंडावर, तुमच्यापरास मोठं घर गावलं, म्हणून सांगायचं? मोठी माणसं हायत अजून. रानं सोडण्यात माझं केस पिकलं. मी सांगतो कसं सांगायचं ते. आन त्या बाईच्या तबेल्याचं नाव काढायचं न्हाई."

ती आणखी काही म्हणत होती. पण घरात माझ्यापुढं शेवटचा शब्द दुसऱ्या कुणाचा होत नाही. त्या दिवशीही झाला नाही.

सांजेला गेलो. पोरीनं सगळं मी सांगितलं होतं तसं केलं. ज्या खोगिरावर ती बसायची ते तेल लावून पुसलं. खरारा धुऊन खुंटीला अडकवला. दाणा खायचे तोबरे झाडून एकावर एक ठेवले. तबेल्याचा तिच्या वाटणीचा भाग असा झाडला की गवताची काडी दिसेना. आपल्या माणसांचा वाडा उठतो आहे असं मला वाटलं आणि खरं सांगतो, छाती भरून आली. मग ती शिंगरापाशी गेली, त्याच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहिली आणि हलेचना.

उस्ताद दगडावरून ते बघत होते. म्हणाले, आज दसरा हाय का पाडवा?

मी म्हटलं, "उस्ताद, पोरगी उद्यापासनं यायची न्हाई. तुमच्या हाताखाली लय शिकली. माणूस झाली."

त्यांचा हात गुडघा चोळत होता तो थांबला. "का वं? माझं काय चुकलं?"

"तुमचं कशाला चुकतंय. कोरेगावला आत्याकडं चाललीया. साळा तिथंच."

"आन घोडं?"

"बघू. चारा असंल तिकडं."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पोरीकडं पाहिलं. पुन्हा विचारलं नाही. माझ्या मनात आलं, जाणता मालक. त्यांनी पोरीला हाक मारली. ती आली, पाया पडली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नजर पुढं." पोरीनं वर बघितलं आणि तोंड उघडलं. मी खाकरलो. तिनं तोंड मिटलं.

घरी येताना ती रोजच्यासारखी माझ्या जोडीनं चालली नाही. पुढं चालत राहिली आणि मी तिची पाठ बघत आलो.

पोरगी कोरेगावला गेली. मी उस्तादांकडं जायचं बंद केलं. त्यातही माझी रीतच होती. ज्या रानातून वाडा उठला तिथं मेंढका दुसऱ्या दिवशी सहज म्हणून जात नाही. एक साल मधे जाऊ द्यावं लागतं. सांजेला मी बसस्टँडच्या कट्ट्यावर बसायला लागलो. तिथल्या म्हाताऱ्यांना घोड्यातलं काही कळत नव्हतं आणि मला त्यांच्या राजकारणातलं. दगड आठवायचा. पण आठवला म्हणून रीत मोडायची नसते.

तिकडं उस्तादांच्या मनात काय चाललं होतं ते मला फार उशिरा कळलं. त्यांना वाटलं, घरात काहीतरी अडचण आली. पोरीचा घोडा सुटला. म्हातारा मानी आहे, अडचण तोंडानं सांगणार नाही, म्हणून 'बघू' म्हणाला. शिकलेली पोरगी नुसती शाळेच्या बाकावर बसून गंजून जाईल. हे त्यांनी किती दिवस मनात घोळवलं कोण जाणे. दसऱ्याच्या तोंडावर त्यांनी एक पिकअप ठरवली, मागं गवत अंथरलं, शिंगराला चढवलं, बरोबर कडब्याच्या पेंढ्या आणि भरड्याचं पोतं घेतलं आणि कोरेगावची वाट धरली. त्या गुडघ्यानं. आष्ट्याहून कोरेगाव काही जवळ नाही. वाटेत ते दोनदा उतरून मागं शिंगराजवळ उभे राहून आले, असं पिकअपवाला नंतर कट्ट्यावर सांगत होता.

माझी लेक दारात शेंगा निवडत होती. विचारत विचारत आलेली गाडी दारात थांबली. इस्त्रीचा शर्ट घातलेला म्हातारा उतरला आणि म्हणाला, "पोरीला बोलवा. तिचं जनावर आणलंय."

इकडं उस्तादांशी काय बोलणं झालं ते लेकीला काय ठाऊक. तिला वाटलं आबांनीच पाठवलं. ती आनंदानं म्हणाली, "आवं, ती घोड्यावरच गेलीया की. रोजच जाती. सातारच्या रस्त्याला मोठा तबेला हाय न्हवं, तिथं."

"असं व्हय," ते म्हणाले. पाणी मागून घेतलं. स्वतः दोन घोट प्यायले आणि उरलेली बादली शिंगरापुढं धरली. लेक चहा टाकायला आत वळली तोवर गाडी सुरू झाली होती.

पुढचं पोरीनं तिच्या आईला सांगितलं. मला नाही. मला ते सुनेकडून कळलं.

पोरगी रिंगणात होती. काळ्या उंच घोड्यावर, उडीच्या बांबूकडं तोंड करून निघालेली. तेवढ्यात रस्त्यावरून शिंगरू खिंकाळलं. तिनं ते ओळखलं. खिंकाळणं ओळखू येतं, आम्हालाही गर्दीतून आमच्या मेंढराचं कोकरू ओळखू यायचं. तिनं मान वळवली आणि घोडं बांबूपुढं आडून उभं राहिलं. ती त्याच्या मानेवर आपटली, पण पडली नाही. कुंपणाकडनं हाळी आली, "नजर पुढं." तिनं घोडं मागं घेतलं आणि पुन्हा घातलं. ह्या खेपेला ते बांबूवरून पलीकडं गेलं. मग ती उतरून, लगाम धरून घोड्यासकट पळत कुंपणापाशी आली.

"उस्ताद, मी सांगणार होते."

"मग?"

आबा खाकरले, असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही.

"पलटणीतनं माणूस बदलीवर जातोय, बेटा. चांगल्या जागी जातोय म्हणून कुणी राग धरत न्हाई. पर तो समोर येतो, रपट देतो, सलाम करतो आन जातो. न सांगता जातो त्याला पलटणीत दुसरं नाव हाय. ते मी तुला लावणार न्हाई."

एवढं बोलताना त्यांचा हात कुंपणाच्या आतून तिच्या घोड्याच्या रिकिबीकडं, पाय अडकवायच्या कडीकडं, गेला होता. दोन रिकिबींत एक खाली होती, ती त्यांनी पट्टा ओढून सारखी केली. मग त्या बाईंना लांबून नमस्कार केला आणि गाडीत बसले. शिंगराचं तोंड मागच्या फळीवरून दिसेनासं होईपर्यंत पोरगी तिथंच उभी होती.

त्या दिवसापासून पोरगी फोन करायची तेव्हा आईशी बोलायची, बापाशी बोलायची. मला फोन द्यायला कुणी आलं की तिकडं नेमकी शाळेची वेळ व्हायची. मी घरात सगळ्यांना सांगितलं की मी खोटं एक अक्षर बोललो नव्हतो. कोरेगाव खरं, आत्या खरी, शाळा खरी. कुणी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं, मी जिंकलो असतो. सून चहा ठेवून निघून जायची.

उस्तादांकडं जायला पाय निघत नव्हता. साल झालं नव्हतं, हे एक. दुसरं म्हणजे जाऊन बोलायचं काय. माफी मागायची तर ती चुकीबद्दल मागायची असते, आणि मी जे केलं ते माझ्या बापानं केलेलं होतं. त्यालाही खोटं पाडायचं का? ह्याच घोळात दिवाळी आली.

पोरगी सुट्टीला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सायकल काढली. मी पटका बांधायला लागलो तशी म्हणाली, "आबा, तुम्ही येऊ नका." आवाज चढवला नाही. तिच्या आईनं चहा घ्या म्हणावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली. मी पटका तसाच हातात घेऊन खाटेवर बसलो. माझ्या घरात मला कुणी असं सांगितलेलं मला आठवत नाही.

बराच वेळ बसलो. मग उठलो आणि चालत गेलो. येऊ नका म्हणाली होती, मागनं येऊ नका म्हणाली नव्हती, असं मनाला सांगत गेलो.

मी पोचलो तोवर त्यांचं सांगून-ऐकून झालं होतं. ती काय बोलली, कशी उभी राहिली, ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलेलं नाही. तिच्या हातात खरारा होता आणि ती तांबड्या घोडीला घासत होती. उस्ताद तिच्या शेजारी उभे राहून साताऱ्याच्या त्या काळ्या घोड्याचं विचारत होते, आडतंय का अजून, कुठल्या पायावर उतरतंय. ती सांगत होती, मधेच हसत होती. तिचे डोळे मात्र रडून सुजलेले होते. तिचं आणि त्यांचं जमलं, एवढं मला लांबूनच दिसलं.

मला बघून उस्ताद लिंबाखाली आपल्या दगडावर येऊन बसले. माझा दगड तिथंच होता. मी बसलो. रिंगणात कुणी नव्हतं.

मग मला जेवढं येत होतं तेवढं मी केलं. त्यांना सगळी रीत सांगितली. मेंढरं कशी बसवतात, चुलीचे दगड बांधाला कसे नेतात, पुढच्या मालकाचं नाव का घेत नाहीत, माझा बाप कसं म्हणायचा. नाव घेतलं असतं तर तुमचा अपमान झाला असता असं मला वाटलं, हे पण सांगितलं. ह्या एका वाक्याला मला घाम फुटला. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही.

"लय चांगली रीत हाय," ते म्हणाले. मग गुडघा चोळत राहिले. "रानाला काय सांगायचं नसतंय. रान काय इचारत न्हाई, वाट बघत न्हाई. पर आण्णा, मी रान हाय व्हय?"

बोलण्यासारखं असतं तर मी मागं राहणारा नाही, हे मला ओळखणारा कुणीही सांगेल.

त्यांच्याकडं बघवेना म्हणून मी तबेल्याकडं बघितलं. पांढरी घोडी होती, तांबडी होती, म्हातारा घोडा होता. तांबडीच्या शेजारची जागा मोकळी होती. झाडून घेतलेली. वरच्या खुंटीला शिंगराचं दावं अडकवलेलं होतं, नीट वेटाळून. तसं दावं कशाला वेटाळून ठेवतात ते मला कुणी सांगायला नको. पोरीचे डोळे कशानं सुजले होते तेही मग कळलं.

"उस्ताद," मी म्हणालो, "शिंगरू कुठं दिलं?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. नजर पुढंच होती, मोकळ्या रिंगणावर.

"चारा असंल तिकडं, आण्णा."

आत पोरीच्या हातातला खरारा थांबला. मी दगडावर तसाच बसून राहिलो. पुन्हा विचारलं नाही. आमच्यात विचारत नाहीत.